गॅलरीतला अजिंक्यतारा

२०२४ ची नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली होती. आठ दिवस आधी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर निरोप आला : ३१ तारखेला संध्याकाळी सात वाजता मुलांची हॅलोविन पार्टी, भुताचा वेश हवाच, चांगल्या वेशाला बक्षीस. मी तो निरोप दोनदा वाचला. ज्या पहाटे उटणं लावून अंघोळी करायच्या, डाव्या पायानं कारीट फोडायचं, त्याच दिवशी दिवेलागणीला आपली पोरं भुतं होऊन जिने चढणार. मला वाईट वाटलं.

लेक तेव्हा दहा वर्षांची. तिला काळा झगा पाहिजे होता. म्हटलं, "घेऊ. पण आधी किल्ला करायचा."

"कुठं? आपल्याला अंगण कुठंय?"

अंगण नव्हतं, पण गॅलरी होती. आम्ही साताऱ्यात करंज्यात राहतो आणि गॅलरीतून समोर अख्खा अजिंक्यतारा किल्ला दिसतो.

हॅलोविनवर माझा राग नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडचा तो सण, सुगी संपून थंडी आणि अंधार सुरू होतो त्या वेळचा. तिकडं पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिथं भोपळे मुबलक होते, म्हणून भोपळा आला. त्यांच्या शेतात पिकलं ते त्यांनी दारात ठेवलं. आमच्या जिन्यात टांगलेला प्लास्टिकचा भोपळा कुणाच्या शेतातला? आपल्याकडं तेव्हा सोयाबीनची मळणी उरकत आलेली असते, शाळूची पेर चाललेली असते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. सोयाबीनचे पैसे हातात पडल्याशिवाय आमच्या घरी दिवाळीचा बाजार होत नसे. पाऊस लांबला, शेंगा काळ्या पडल्या, की त्या वर्षी चकल्यांचा डबा लहान. दिवाळी आमच्याकडं अशी रानातून घरात यायची.

लहानपणी किल्ला दादाचा असायचा. मला एकच काम, हळीव पेरायचं. बुरूज रचायला मला एकदाही दिलं नाही कुणी. ते चुकीचंच होतं, आणि सण जपायचे म्हणजे तेही जपायचं असं मी मानत नाही. त्यामुळं लेकीनं चिखलात कोपरापर्यंत हात घातले तेव्हा मी नुसती बघत बसले.

दादानं शेतातली दोन पोती माती पाठवली होती. विटांची उतरंड, मध्ये उलटी बादली, वरून भिजवलेलं गोणपाट आणि त्यावर मातीचा लेप. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं आणि सगळा डोंगर घसरून मोरीकडं निघाला. दुसऱ्या दिवशी माती चाळून घट्ट मळली, तेव्हा कुठं तट उभा राहिला. हळीव पेरला, पाणी शिंपडत राहिलो, चौथ्या दिवशी हिरवी लव आली. राजवाड्याजवळ जाऊन चित्रं आणली : चार मावळे, तोफ, वाघ, डोक्यावर पाटी घेतलेली बाई आणि सिंहासनावरचे महाराज. सगळ्यात वर लेकीनं एक तार खोचली. तो टीव्हीचा टॉवर. गॅलरीतून दिसतो ना, मग पाहिजेच.

रचता रचता मी तिला वेढ्याची गोष्ट सांगितली. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबानं साताऱ्याच्या याच किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. चार महिने त्यांनी किल्ला झुंजवला. मोगलांनी सुरुंग लावले, त्यातला एक उलटला. तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि चढाईसाठी खाली थांबलेलं त्यांचंच सैन्य त्याखाली गाडलं गेलं. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला, त्याचं नाव आझमतारा झालं. पुढं मराठ्यांनी तो परत घेतला, आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला.

"बादशहा कुठं राहायचा?"

"त्याची छावणी करंज्यात होती."

ती कठड्याला धरून खाली बघत राहिली. "म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये?"

त्या रात्री तिनं उरलेल्या मातीचे तंबू केले आणि किल्ल्याच्या पायथ्याला मांडले.

३१ तारखेला ती झगा घालून पार्टीला गेली. मी अडवलं नाही. साडेआठला सहा-सात भुतं घेऊन परत आली, किल्ला दाखवायला. तोंडाला पांढरा रंग फासलेली ती पोरं गुडघे टेकून बसली. तंबू कुणाचे, सुरुंग कुठं लावला, एकेक विचारू लागली. त्यातल्या एका मुलानं हिरव्या हळीवावरून हळूच हात फिरवला आणि मला विचारलं, "काकू, हा केवढ्याला मिळाला?"

या प्रश्नानं मला रात्रभर झोप लागली नाही. चुणचुणीत, चांगल्या घरचं पोर. सण म्हणजे मागवायची वस्तू, हे त्याला आपणच शिकवलंय. झगा आला, भोपळा आला, केक आला. त्याच्या हाताला काम कुणी दिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मी ग्रुपवर लिहिलं : पुढच्या वर्षी जिन्यामागच्या मोकळ्या जागेत सगळ्या मुलांचा मिळून एक किल्ला करू, मुलगे-मुली सगळे, माती मी आणते. तीन घरांनी होकार कळवला. बाकीच्यांनी नुसती अंगठ्याची खूण टाकली, त्यातले किती येतील ते बघायचं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, म्हणून लेक आता प्रतापगडच करायचा म्हणून बसलीय. त्या मुलालाही तिनं सांगून ठेवलंय. बुरूज घसरू नये म्हणून मातीत भाताचं तूस मिसळा, असं दादा फोनवर म्हणाला. पाटणच्या गिरणीतून एक पोतं आणून ठेवलंय.