आमची वाटचाल : भिंतीआडचं बघणारी माणसं

2011 साली आम्ही दोघांनी घर तपासणीचं काम सुरू केलं, तेव्हा जवळ एक लहान हातोडी, टॉर्च, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल नळी, एवढंच होतं. माझा भागीदार मूळचा गिलाव्यातला. भिंतीवर हातोडीनं टिचक्या मारत जायचा, आवाज बदलला की खडूनं गोल करायचा. फोडल्यावर बरोबर तेवढाच गिलावा सुटलेला असायचा. मी ओलाव्याचं मीटर आणलं तेव्हा तो म्हणाला, "ह्याच्यावर लई विसंबू नको." खरंच होतं ते. दोन पिनांचं मीटर मुळात लाकडासाठी असतं. लोणा धरलेल्या भिंतीवर क्षारांमुळे आकडा उगाच वर जातो.

मधली सहा-सात वर्षं बरी गेली.

मग आला ऑगस्ट 2019. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 फुटांच्या वर. पूर ओसरल्यावर आम्हाला दिवसाला दहा-दहा फोन. प्रत्येक घरात एकच सांगत होतो : भिजलेला गिलावा खरवडा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढं घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि रंगाला काही महिने हात लावू नका. दिवाळी तोंडावर आलेली. हे कुणाला ऐकायचं होतं?

त्याच वेळी शहरात एकानं 'मोफत तपासणी'चा बोर्ड लावला. तपासणी फुकट, वर केमिकल, पुट्टी, ऑइलपेंट आणि दहा वर्षांची गॅरंटी. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली की ओल आतच कोंडते आणि बुरशी कपाटामागं निघते. घरातल्या दमेकऱ्याला त्याचा त्रास आधी होतो. आम्ही रिपोर्टची फी घ्यायचो आणि माल विकायचो नाही, म्हणून आम्ही महाग ठरलो. जानेवारी 2020 मध्ये माझा भागीदारही त्याच्याकडं गेला. त्याच्या घरी दोन शिकणारी पोरं होती, हे मला मान्य आहे. पण जाताना मला सांगितलं नाही, हे अजून गिळवत नाही. पुढं लॉकडाऊन लागला. शाहूपुरीतला गाळा सोडला, सगळं साहित्य घरच्या माळ्यावर गेलं.

तेव्हा फोन आला शुक्रवार पेठेतल्या काकूंचा. कपाटामागं काळे डाग पडलेले. मी भिंतीला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवला. दोन दिवसांनी थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले होते, म्हणजे ओल भिंतीतलीच. निघताना काकू म्हणाल्या, "आंघोळ करून आलो की डोकं धरतंय बघ बाळा, थंडीनं असंल." मी न्हाणीघर बघितलं. आत गॅस गीझर, झरोक्याला वर्तमानपत्र कोंबलेलं. गीझर लावून कार्बन मोनॉक्साइडचं, म्हणजे कोंडलेल्या जागी गॅस जळताना सुटणाऱ्या विषारी वायूचं, मीटर आत धरलं, पाच मिनिटांत ते कोकलायला लागलं. ह्या वायूला वास नसतो, म्हणून माणूस सावध होत नाही. गीझर त्याच दिवशी बाहेर काढायला लावला. काकूंनी ही गोष्ट भिशीत सांगितली आणि भिशीतल्या नऊ घरांनी मला बोलावलं. त्या नऊ घरांवर आमचा धंदा पुन्हा उभा राहिला.

म्हणून सांगतो, गॅस गीझर न्हाणीघराच्या आत ठेवू नका. माडीवरचे जुने सिमेंटचे पत्रे कटरनं कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि ती धूळ फुप्फुसात बसते. दारांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घासायचाच तर ओला करून, लेकरांना दुसरीकडं ठेवून.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. ह्या वेळी लोकांनी रंगाची घाई केली नाही.

आज आम्ही तिघं आहोत. त्या 'मोफत तपासणी'वाल्याचा बोर्ड अजून आहे. गेल्या महिन्यात त्याच्या गॅरंटीतल्या एका घरानं आम्हाला बोलावलं. पुट्टीचे फुगे आले होते, ठोकलं तर अर्धी भिंत पोकळ. ठोकायला हातोडी तीच, 2011 ची. रिपोर्ट चार पानांचा झाला. फी पूर्ण घेतली.