भट्टी असताना प्लाझ्मा कशाला?

महापे-रबाळेच्या एमआयडीसीत काम करणारी मंडळी मला हमखास विचारतात: धातूच्या क्लोराइडचं ऑक्साइड भट्टीत होतंच, मग प्लाझ्माचा, म्हणजे विजेने इलेक्ट्रॉन सुटे केलेल्या वायूचा, खटाटोप कशासाठी? तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

भट्टीत होतं, हे खरंच. घराच्या पांढऱ्या रंगात असतो तो टायटॅनियम डायऑक्साइड. क्लोराइड पद्धतीत टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ 1000 अंश सेल्सिअसच्या वर ऑक्सिजनमध्ये जाळून तो बनवतात आणि सुटलेला क्लोरीन पुन्हा वापरतात. टनावारी पूड हवी असेल, तर मीही भट्टीच सांगेन.

पण ही अभिक्रिया मुळात उष्णता देणारी आहे. भट्टीची धग लागते ती रेणूंचे बंध सैल करून सुरुवात करून द्यायला. ते काम धगीशिवायही होतं, आणि या विषयात मी रमले ती इथेच. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये प्लाझ्माच असतो. तिला हात लावा, कोमट लागेल. आतल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान मात्र दहा हजार अंशांच्या घरात असतं. इलेक्ट्रॉन इतका हलका, की तो वायूच्या रेणूवर आदळला तरी त्याला फारसा तापवत नाही. अंगात पुरेशी ऊर्जा असली तर ऑक्सिजनचा रेणू फोडतो मात्र. असा सुटा ऑक्सिजन अणू क्लोरीनला धातूपासून हुसकावतो. म्हणून शंभर-दीडशे अंशांतही, प्लास्टिकच्या फिल्मवर, ऑक्साइडचा नॅनोमीटर जाडीचा थर बसवता येतो. भट्टीत ते प्लास्टिक उरलंच नसतं.

सगळीच क्लोराइडं इतकी सोयीची नसतात. मिठागरात मीठ काढल्यावर उरणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ऑक्सिजनने त्याचं ऑक्साइड करायला बाहेरून ऊर्जा घालावीच लागते. साध्या मिठाच्या बाबतीत तर तो विचारच सोडा.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत टायटॅनियम टेट्राक्लोराइड नुसतं उघडं पडलं, तरी पांढरा धूर होतो. ऑक्साइडच ते, पण सोबत हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे फुप्फुसाला जाळणारी आम्लाची वाफ. त्यामुळे कुणी प्लाझ्माला सरसकट ‘स्वच्छ’ म्हटलं की मला राहवत नाही. क्लोरीन इथेही सुटतो. तो पंप खातो, पाइप खातो, आणि तापमान फार उतरवलं तर थरातच अडकून राहतो. प्लाझ्माचं यंत्र बघायला जाल तेव्हा थर बसवण्याच्या चेंबरच्या आधी कॉस्टिकचा स्क्रबर, म्हणजे सुटलेला क्लोरीन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शोषून घेणारं उपकरण, दाखवायला सांगा.