फोड कापू नका

"कापी टाक, मोकळं व्हई जाई."

धुळ्याजवळच्या आर्वीच्या पुढे, हायवेच्या कडेला, लिंबाखाली. सप्तशृंग गडावर निघालेला एक पदयात्री दुसऱ्याला सांगत होता. हातात दाढीचं ब्लेड, समोर टाचेवर टम्म फुगलेला फोड.

सकाळपासून ते ब्लेड डोक्यातून जात नाहीये.

फोडावरची कातडी हीच खरी पट्टी. ती कापली की उघड्या मांसात रस्त्याची धूळ बसते आणि पाय पिकतो. मालेगाव, देवळा, कळवण अजून पुढेच असतं. लहान फोडाला हात लावू नका. मोठा असेल, पाऊलच टेकत नसेल तर पाय साबणाने धुवा, सुई स्पिरिटने पुसा, कडेला टोचून पाणी काढा. कातडी तशीच राहू द्या, वर मलम आणि स्वच्छ पट्टी. मधुमेह असेल तर हेही घरी नको, थेट दवाखाना.

फोड येतो तो नव्या बुटाने आणि घामाने ओल्या मोज्याने. बूट महिनाभर आधीपासून वापरा, मोजे प्रत्येक विसाव्याला बदला. अनवाणी जायचा नवस असेल तर पहाटे तीनला निघा, दहाच्या आत थांबा. चैत्रातलं डांबर तळवे भाजतं. अंधारात उजव्या कडेने चाला, समोरची गाडी दिसते.

लिटरभर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एवढं तरी सोबत हवंच.

चैत्री पौर्णिमेपर्यंत माणसं चालतच राहणार. तुमच्या गावच्या झेंड्यामागच्या गाडीत कापूस-पट्टीचा डबा आहे का?