दिवसभर करता तरी काय?

“रविवारी कुठेच गेला नाहीत? मग दिवसभर करता तरी काय?” जिन्यात भेटणारे विचारतात, भाची फोनवर विचारते. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

कामं करते. पण एका फेरीला एकच. दळण टाकायला एक फेरी, इस्त्रीचे कपडे आणायला दुसरी, कोथिंबिरीसाठी तिसरी. स्कूटर काढली तर सगळं अर्ध्या तासात उरकेल, असं घरात रोज ऐकते. उरकायची घाई आहे कुणाला?

त्यातून सध्या नोव्हेंबर, म्हणजे बुचाचा बहर. प्रभात रोडच्या गल्ल्यांत सकाळी झाडू फिरायच्या आत गेलं, तर पांढरा सडा मिळतो. झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं, उंच आणि सरळसोट. लाकूड मात्र ठिसूळ, वादळात फांद्या लगेच मोडतात. फुलं रात्री उमलतात. वासही रात्रीच जास्त, कारण लांब सोंडेच्या पतंगांना बोलवायचं असतं. त्या सोंडेच्या मापाचीच फुलाची नळी, बोटभर लांब आणि बारीक. ह्या नळ्या एकमेकींत अडकवत गेलं की सुई-दोऱ्याशिवाय वेणी होते. लहानपणी शाळेच्या वाटेवर करायचो. आता दळणाचा डबा कट्ट्यावर ठेवून करते, येणारे-जाणारे बघतात, बघू देत. दुपारपर्यंत फुलांच्या कडा तपकिरी पडतात, म्हणून हे काम सकाळचंच.

मधली दुपार सांगण्यासारखी नाही. मेथी निवडली, डुलकी काढली.

पाचच्या सुमाराला हनुमान टेकडी. वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त 22 डिसेंबरला असतो असं बरेच जण समजतात. तो दिवस सगळ्यात लहान, हे खरं. पण पुण्यात सूर्य सगळ्यात लवकर बुडतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत, सहाच्याही थोडा आधी. उन्हाळ्यात बुडायचा त्याच्या बराच डावीकडे, दक्षिणेला सरकलेला असतो. वर पोचल्यावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. मी जरा बाजूला बसते. तांबडं पुसट झालं की निम्मे लोक उठतात. खरं तर त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं जास्त बघण्यासारखी, ढग असतील तर रंग तेव्हाच चढतो.

यायचं असेल तर पाचच्या आधी घरी या, चहा घेऊन निघू. चपला नकोत, बूट घाला. उतरताना मुरमावरून पाय सरकतो. आणि परतताना गिरणीतून पीठ घ्यायचंय, डबा तुम्ही धरा.