बसायला काही आहे का हो?

आमच्या जळगावात मे महिन्यात सुपरमार्केटला जी गर्दी होते ना, त्यातली निम्मी सामानाची असते आणि निम्मी एसीची. बाहेर पारा ४५ला टेकलेला, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अशा वेळी लोक आत येतात, ट्रॉली धरतात, तिच्यात एक बिस्किटाचा पुडा टाकतात आणि तासभर साबणांचे वास घेत फिरतात. मला त्याचं काही वाटत नाही, मी पण फिरते. खरं सांगू का, मला सुपरमार्केट आवडतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल की हिला जुन्या किराणा दुकानाचे उमाळे आलेत. मालाला हात लावायचा, दोन पाकिटांचे भाव शेजारी धरून बघायचे, नको वाटलं तर गुपचूप परत ठेवून द्यायचं, हे सुख दाणाबाजारात शेठजी समोर बसलेले असताना कधीच मिळालं नाही मला.

फक्त त्यासाठी दोन गुडघे धड लागतात. ही अट कुठे लिहिलेली नसते, ती फुईला सोबत नेल्यावर कळते.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, अमळनेरला राहते, उन्हाळ्यात आमच्याकडे येते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालते, पण बिबडे-पापडाचं सामान दुसऱ्याने आणलेलं तिला आजही चालत नाही. उडदाची डाळ ती स्वतः तळहातावर घेणार, दोन दाणे दाताखाली धरणार आणि मग ठरवणार की ही डाळ पापडाची की नुसती वरणाची. ज्वारीचंही तसंच. तर तिला घेऊन गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, त्याने फरक पडत नाही, तुमच्या गावातलं कुठलंही डोळ्यासमोर आणा.

दाराशी तीन पायऱ्या आणि बाजूला रॅम्प. रॅम्प बघून मला बरं वाटलं, पण त्याच्यावर 'एकावर एक फ्री'वाल्या प्लास्टिकच्या बादल्यांचा मनोरा रचलेला. वॉचमन म्हणे, मावशी तो मालाचा रस्ता आहे, तुम्ही इकडून या ना पायऱ्यांनी. फुई म्हणाली, मी बी मालच शे, ने मले तिकडूनच. वॉचमन हसला, बादल्या बाजूला केल्या, स्वभावाने चांगला होता बिचारा. पण बादल्या हटल्यावर दिसलं की तो रॅम्प खरंच मालाचाच होता. हमालाने हातगाडी जोर लावून वर ढकलावी असा चढ, आणि कठड्याचा पत्ता नाही. सरकारी मानकांत रॅम्पचा उतार १:१२ सांगितलाय, म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी पाहिजे. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प. इथे जेमतेम पाच फुटांचा असेल. शेवटी फुई पायऱ्यांनीच चढली, एक हात माझ्या खांद्यावर, एक वॉचमनच्या, आणि वॉकर मागच्या एका अनोळखी पोराने आणून दिला.

पुढे दारातच लोखंडी पाइप रोवलेले. ट्रॉली कोणी बाहेर पार्किंगपर्यंत नेऊ नये म्हणून ते लावतात, दोन पाइपांमध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा. व्हीलचेअरवालं माणूस आत येऊ नये असं काही कोणी मुद्दाम ठरवलं नसेल, ट्रॉलीची काळजी केली तेवढीच, बाकी कोणी डोक्यातच आलं नाही. वॉकर तिरका करून आम्ही आत गेलो.

आतली गंमत अशी की रॅकमध्ये माल भरायची वेळ बरोब्बर संध्याकाळची, गर्दीची. दोन रॅकमधल्या बोळीत खोके, खोक्यांशेजारी शिडी, शिडीखाली पोरगा बसून तेलाच्या पिशव्या लावतोय, त्यातून लोकांच्या ट्रॉल्या, आणि ट्रॉलीत बसलेली पोरं. वॉकरला सरळ रस्ता लागतो, तो असा खोक्यावरून उडी मारत जात नाही. फुई डाळींच्या डब्यांपर्यंत पोचली तेव्हाच तिचा जीव दमला होता. तिथे टी-शर्ट घातलेला एक मुलगा उभा होता, त्याला तिने विचारलं, "आठे बसाले काही नही का रे भाऊ?" तो म्हणाला, "मावशी, मी स्टोअरचा नाही, मी शाम्पूवाल्या कंपनीचा आहे." पलीकडे अजून एक होता, तो चहावाल्या कंपनीचा. तिसरी एक ताई होती ती सॅनिटरी पॅडच्या कंपनीची. सगळे हसतमुख, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, आणि दुकानाचा माणूस म्हणून एकही नाही.

मग फुईने तिला योग्य वाटलं ते केलं. आट्याच्या दहा-दहा किलोच्या बॅगा एकावर एक रचलेल्या होत्या, ती त्यांच्यावर बसली.

आणि काय सांगू, इतका वेळ जो माणूस सापडत नव्हता तो धावत आला. सुपरवायझर. "आजी उठा उठा, माल खराब होतो." मी म्हटलं भाऊ, एक खुर्ची द्या, लगेच उठते ती. तर म्हणे मॅडम, कस्टमरसाठी खुर्चीची सोय नाही आपल्याकडे. शाम्पूचे छत्तीस प्रकार आहेत हो आपल्याकडे, खुर्ची नाही.

बिलिंगचं वेगळं लिहायची गरज नाही, तुम्ही सगळे त्या रांगेत उभे राहिलेलाच आहात. आठ काउंटर, चालू दोन. रॅकवरच्या पट्टीला एक भाव, बिलात दुसरा, विचारलं की "सिस्टीममध्ये असंच दाखवतंय". मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही म्हणतात, खरं तर मे २०२३मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलंय की नंबरसाठी अडून बसू नका. मी नाही देत नंबर. मुलगी दोन सेकंद बघते, मग स्वतःच दहा वेळा नऊ दाबून मोकळी होते.

आता कोणी म्हणेल, ताई एवढं कशाला, ॲपवरून मागवा, घरपोच येतं. हे मला खूप जणांनी सांगितलं आणि मला आधी ते पटायचं पण. मग आमच्या गल्लीतल्या दादांशी बोलले. त्यांना लहानपणी पोलिओ झाला, बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर चालवतात. त्यांचा किराणा वर्षानुवर्षं कोपऱ्यावरच्या दुकानातून. त्या दुकानालाही तीन पायऱ्या आहेत, चांगल्या उंच, रॅम्प तर कधी स्वप्नात पण नव्हता. दादा हॉर्न वाजवतात, पोरगा खाली येतो, यादी नेतो, पिशवी हँडलला अडकवतो, हिशोब वहीत. म्हणजे पायरी तिथेही होती, पण पायरीवरून खाली उतरून येणारा माणूस होता. सुपरमार्केटने तो माणूस काढला, त्याचं काम आपल्याला दिलं, आपणच काढा, आपणच उचला, आपणच ओढत काउंटरला आणा, आणि पायरी तेवढी ठेवली. माझं सगळं भांडण एवढ्यावरच आहे.

पण दादांनी पुढे जे सांगितलं ते मला सुचलं नसतं. ते म्हणाले, "हॉर्न वाजवून काय मिळतं माहितीये का? तो देईल ते. मी आजपर्यंत माझा साबण स्वतः निवडलेला नाही. मला पण जायचंय आत, दहा साबणांचे वास घ्यायचेत आणि एक पण न घेता बाहेर यायचंय." घरपोचचा सल्ला देणाऱ्यांना मी आता हे सांगते. घरपोच सोय आहे, चांगली आहे, पण माणसाला घरातच ठेवायचं निमित्त म्हणून ती सांगू नका.

कायदा नाही असं पण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ला. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नाही, लोक जिथे जातात-येतात ती खासगी व्यापारी इमारत पण त्यात आली, म्हणजे सुपरमार्केट आलंच. नियम जून २०१७मध्ये निघाले आणि आधीपासून उभ्या असलेल्या इमारतींना सुधारून घ्यायला पाच वर्षं दिली होती. ती २०२२मध्ये संपली पण. मग घोडं कुठे अडलं? तर त्या नियमांमध्ये जी मानकं होती ती बंधनकारक कुठली आणि नुसती सुचवलेली कुठली याचाच गोंधळ होता. राजीव रातुरी म्हणून दृष्टिहीन गृहस्थ आहेत, त्यांनी २००५मध्ये याचिका केली होती, त्यावर ८ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा नियम मूळ कायद्याशी जुळत नाही, तीन महिन्यांत पक्के बंधनकारक नियम करा. २००५ ते २०२४. फुईने त्या काळात चार नातवंडांची लग्नं लावली.

आणि हे नुसतं गुडघ्यांचं पण नाहीये. रॅकवरच्या भावाच्या पट्टीचे अक्षर बघा कधी, चष्मा लावून मला वाकावं लागतं, ज्याला कमी दिसतं त्याने काय करायचं. रक्कम दाखवणारी स्क्रीन कॅशियरकडे तोंड करून असते, आकडा ती तोंडाने सांगते, वर गाणी चालू. ऐकू कमी येणारा माणूस पाचशेची नोट पुढे करून उभा राहतो आणि जे परत येईल ते मोजत बसतो. बाथरूम विचारलं तर "स्टाफसाठी आहे". वरच्या मजल्यावर भांडी आणि कपडे, लिफ्टवर पाटी, 'फक्त मालासाठी'. मालाची चैन आहे बघा त्या दुकानात.

तक्रार केली का? केली. मॅनेजर जेवायला गेले होते, मग मीटिंगमध्ये होते, मग आले. चांगला पोरगा निघाला, चाळीसगावचा, बोलायला गोड. म्हणे मॅडम तुमचं सगळं बरोबर आहे पण डिझाइन वरून ठरतं, रॅम्पचं माझ्या हातात नाही, पाइपचं तर नाहीच, मुंबईला मेल टाकावा लागतो. मी म्हटलं मेल टाका, पण खुर्ची? तिला पण मुंबई लागते का? तो जरा गप्प झाला आणि मग म्हणाला, "मॅडम, खुर्ची तर आम्हाला पण नाहीये."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. काउंटरवरच्या दोन्ही मुली उभ्या. सकाळपासून उभ्या असणार, एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पोटरीला घासत होती एक जण. वॉचमन उभा. बिलावर शिक्का मारणारा उभा. केरळमध्ये साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी यासाठी आंदोलन केलं होतं, २०१८मध्ये तिथल्या सरकारने दुकानांच्या कायद्यात बसायची सोय देणं बंधनकारक केलं, २०२१मध्ये तामिळनाडूने केलं. दिवसभर जिला बसू देत नाहीत ती मुलगी माझ्याशी गोड का बोलेल, मी तरी बोलले असते का? मी तर अर्ध्या तासाच्या रांगेत करवादते. तरी राग गेला नाही माझा, तो फक्त काउंटरवरून उठून मुंबईकडे गेला.

तक्रार वहीत लिहिलं सगळं, रॅम्प, पाइप, बोळीतले खोके, पट्टीची अक्षरं, खुर्ची. वहीत माझ्या आधीची तक्रार कोथिंबिरीबद्दल होती.

पुढच्या वेळी गेलो तर बादल्यांचा मनोरा रॅम्पवर परत हजर, पाइप जागच्या जागी. पण दाराशी निळी प्लास्टिकची खुर्ची आलेली होती, एकच, आणि तिच्यावर वॉचमन बसला होता. फुईला बघून तो गडबडीने उठला. फुई म्हणाली, "बस रे भो, तू बस," आणि आत जाऊन सरळ आट्याच्या बॅगांवर बसली. सुपरवायझर लांबूनच दिसला, या वेळी धावला नाही. मी वही मागितली आणि लिहिलं, खुर्चीबद्दल धन्यवाद, अजून चार पाहिजेत, दोन काउंटरच्या आतल्या बाजूला.