तुम्ही विचारलंत म्हणून: सात मिनिटांच्या शर्यतीआधी अर्धा तास सायकल कशाला?

नागपुरात कुठल्याही सायकल शर्यतीला मुलांना घेऊन गेले, की कोणाचे तरी आईवडील विचारतातच, "मॅडम, सात मिनिटांची तर रेस आहे, मग आधीच अर्धा तास पोराईले कायले दमवता?" इतकी वर्षे मी "सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली, पण आता नीट सांगते.

पेडलवर जोर पडताच स्नायूंना हवा तेवढा प्राणवायू लगेच मिळत नाही. पुरवठा मागणीच्या जवळ पोचायला दोनतीन मिनिटे जातात आणि तोवर शरीर साठवणीतल्या ऊर्जेवर भागवते. चार किलोमीटरच्या शर्यतीत हा काळ फार मोठा आहे. आधी काही मिनिटे जोरात सायकल चालवून पाचदहा मिनिटांची उसंत दिली, तर पुढच्या वेळी प्राणवायूचा पुरवठा लवकर चढतो, शिवाय गरम स्नायू थंड स्नायूपेक्षा अधिक ताकद देतो. वॉर्म-अप अति झाला किंवा उसंत कमी पडली तर पोरे दमतात, हे मला मान्य आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा मीही तो निम्म्यावर आणते आणि सावलीत उरकते.

पण उसंत जास्त झाली तर काय होते, हे मी जानेवारीतल्या एका पहाटे पाहिले. भाची सोळा वर्षांची होती आणि सरावात तिने चार किलोमीटर 6 मिनिटे 49 सेकंदांत काढले होते. ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, तिचा वॉर्म-अप उत्तम झाला, कपाळावर घाम आला, मी तिचा स्वेटर काढून माझ्या पिशवीत ठेवला आणि तेवढ्यात शर्यत लांबल्याचे कळले. दहा मिनिटे म्हणता म्हणता चाळीस मिनिटे गेली. रिंग रोडवर बोचरा वारा होता. घाम वाळला, तिच्या मांड्यांवर काटा आला, ब्रेकवरची बोटे पांढरी पडली. "मावशी, थोडी फिरून येऊ का?" असे तिने दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, "बसून राहा, पाय वाचव." म्हणजे तुम्ही मला जे सुचवता तेच मी केले. स्वेटर माझ्या खांद्याला लटकलेल्या पिशवीत होता.

तिचा पहिला किलोमीटर 1 मिनिट 30 सेकंदांत झाला आणि मी आनंदाने ओरडले. दुसऱ्याला 1:43 लागले, तिसऱ्याला 1:55, शेवटच्याला पूर्ण दोन मिनिटे. शेवटची रेषा ओलांडून ती रस्त्याकडेला उलटी करत बसली, आणि मी जवळ गेले तेव्हा तिने माझा हात बाजूला केला.

कितीतरी दिवस मी सगळा दोष उशिराला आणि थंडीला दिला. खरे असे, की "पहिल्यापासून तुटून पड" हेही मीच सांगितले होते. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश सायकलपटू ख्रिस हॉयने एक किलोमीटर 1 मिनिट 0.711 सेकंदांत मारला होता. छोटी शर्यत अशीच मारायची असते, असे तेव्हापासून मी मनात धरून बसले होते. एका मिनिटाची शर्यत आणि सात मिनिटांची शर्यत यांतला फरक मला कळायला हवा होता. सरावातला तिचा सरासरी वेग ताशी 35 किलोमीटर होता, पहिल्या किलोमीटरचा 40; वेग असा 35 वरून 40 वर नेला, तर हवेला कापायला लागणारी ताकद जवळपास दीडपट होते. ती उधारी तिने उरलेल्या तीन किलोमीटरांत फेडली.

तरीही त्या दिवसाची मी पूर्णपणे चुकीची होते, असे म्हणवत नाही. सुरुवात थोडी जोरात केली तर प्राणवायूचा पुरवठाही लवकर चढतो. सावकाश सुटलेल्यांना तो फायदा मिळत नाही. तिचे पाय गरम असते तर तोच पहिला किलोमीटर तिला पचला असता का, याचे उत्तर एका शर्यतीतून निघत नाही, कारण दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या.

भाची आता माझ्यासोबत लहान मुलांना शिकवते. पुकारा होईपर्यंत कोणाचाही स्वेटर उतरवायचा नाही आणि शर्यत लांबली तर पुन्हा ट्रेनरवर बसवायचे, यावर आमचे एकमत आहे. पहिला किलोमीटर किती वेगाने मारायचा, यावर मात्र मागच्या रविवारी फुटाळा तलावावर पुन्हा वाद झाला; तिच्या मते तो सरासरीच्या वेगानेच मारावा, माझ्या मते दोन सेकंद तरी पुढे असावे.