रेड हेड तापाजोस अपडेट: पिल्लं बाहेर आलीयत

रेड हेड म्हणजे पिल्लं तोंडात सांभाळणारा मासा. माझ्या जोडीने पिल्लं तोंडाबाहेर सोडलीयत, आणि जरा काही खुट्ट झालं की परत आत घेतायत, त्यामुळे आता अपडेट टाकायलाच हवा. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा टँकमधल्या रेड हेडच्या ग्रुपमधले दोघं एकत्र फिरायला लागलेत एवढंच दिसत होतं. नवीन लोकांसाठी सांगतो, हा ब्राझीलच्या तापाजोस नदीतला मासा, हॉबीत कित्येक वर्षं बिननावाचाच फिरत होता, २०२२ मध्ये त्याला जिओफॅगस पायरोसेफॅलस असं रीतसर नाव मिळालं. आपण मात्र रेड हेडच म्हणणार.

सेटअपमध्ये फार बदल नाही, टेम्परेचर २८-२९ अंश, पाणी मऊ, पीएच सातच्या खाली, वॉटर चेंज आठवड्याला अर्धा टँक. त्यात कंजूषी नाही, कारण नायट्रेट (घाणीतून पाण्यात साठणारं क्षार) वाढलं की या माशांच्या डोक्याला खड्डे पडायला लागतात आणि ते भरून यायला फार वेळ लागतो. पण खरी गोष्ट वाळूची. अजूनही लोक जिओ (म्हणजे जिओफॅगस) ग्रॅव्हलवर, जाड खड्यांवर ठेवतात आणि मग विचारतात मासे मलूल का दिसतात! अरे, दिवसभराचं काम काढून घेतलं तर करणार काय तो. काचेला नाक लावून बघा एकदा, मासा तिरका होतो, तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, गालफडं भराभर हलतात आणि कल्ल्यांच्या झाकणामागून दोन्ही बाजूंनी वाळूच्या बारीक धारा खाली पडतात, उरलेली तोंडातून थुंकून टाकतो, खाण्यासारखं असेल तेवढंच आत राहतं. म्हणून वाळू एक मिलिमीटरपेक्षा बारीक आणि गुळगुळीत हवी. फिल्टरचा इनटेक (पाणी ओढणारं तोंड) मात्र तळापासून वर घ्या, नाहीतर वाळू आत जाऊन इम्पेलर, म्हणजे फिल्टरचा फिरणारा पंखा, वाजला म्हणून समजा.

आता ब्रीडिंग. नर-मादी दिसायला जवळपास सारखेच, पंखांच्या लांब दोऱ्यांवरून ओळखायला जाल तर फसाल, अंडी घालायच्या वेळी खालची नळी दिसते तेव्हाच खात्री होते (मादीची रुंद आणि बोथट, नराची टोकदार). जोडीने सपाट दगड निवडला, तोंडाने घासून चकाचक केला आणि बाकीच्या सगळ्यांना टँकच्या एका टोकाला हाकललं. मादी अंड्यांची ओळ टाकत पुढे जाते, मागून नर जातो, असं बराच वेळ चालतं. आणि मग दोघं त्या अंड्यांवर वाळू थुंकतात! वाळू अंड्यांना चिकटते आणि लांबून तिथे काही आहे हेच कळत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं खाल्ली अंडी, संपला विषय. संपलेला नसतो, दगडाला हात लावू नका.

साधारण दोन-तीन दिवसांनी सगळा ऐवज तोंडात जातो आणि पुढे आई-बाप दोघंही सांभाळतात. (जिओफॅगस स्टाइंडाख्नेरी ही दुसरी जात ठेवणारे इथे हसतील, त्यांच्याकडे मादी अंडी घातल्या घातल्या उचलते आणि पुढचं सगळं एकटीच बघते.) अदलाबदल बघण्यासारखी असते, एक जण समोर येऊन पिल्लांचा गठ्ठा थुंकतो, दुसरा पटापट उचलतो, एखादं खाली घरंगळलं तर वाळूसकट उचलून वाळू तेवढी कल्ल्यांतून सोडून देतो. ज्याचं तोंड रिकामं झालं तो लगेच खायला पळतो.

स्ट्रिप करायचं का, म्हणजे पिल्लं आई-बापाच्या तोंडातून आपणच काढून घ्यायची का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझं मत, नाही. आई-बाप दोघं असताना आपण मध्ये कशाला पडायचं, त्यात जोडी बिघडते आणि पिल्लांच्या वाढीव आकड्यापलीकडे हातात काही येत नाही. पिल्लं पोहायला लागली की संध्याकाळी टँकचे दिवे बंद व्हायच्या आधी थोडी सायफनने काढून घेता येतात, मी तेच करतोय, बाकीची आई-बापाकडेच. खायला ताजी आर्टेमिया (नुकतेच अंड्यातून निघालेले बारीक नारिंगी जीव), ती बारीक नळीने थेट पिल्लांच्या घोळक्यात सोडायची, सगळीकडे उधळली तर मोठेच खाऊन टाकतात. इनटेकवर स्पंज बसवलाय, आणि या काळात वॉटर चेंज थोडा थोडा पण जास्त वेळा, पाणी त्याच टेम्परेचरचं.

काढलेल्या पिल्लांच्या टँकमध्ये बेअर बॉटम, म्हणजे वाळूशिवाय उघडा तळ ठेवणार होतो, साफसफाई सोपी म्हणून, पण पोहायला लागल्या लागल्या ती तळाशी तोंड मारायला लागली, मग वाळूचा पातळ थर टाकला. आता आर्टेमियाने त्यांचं पोट दिवसभर नारिंगी दिसतं, म्हणजे खाणं व्यवस्थित चाललंय. ग्रुपमधली अजून एक मादी दुसऱ्या टोकाच्या दगडावर तोंड घासतेय, तिचा नर कोण ते अजून ठरलेलं दिसत नाही. तिथे मारामारी वाढली तर मध्ये एक मोठं लाकूड टाकून दोन्ही टोकं एकमेकांना दिसणार नाहीत असं करणार आहे.